पान्हा, पांग आणि ‘पुरत नाही’

मराठीत आईच्या दुधाविषयी बोलताना तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात. कवी ‘पान्हा’ म्हणतो. रंगमंचावरचा मुलगा ‘दुधाचे पांग’ म्हणतो. आणि सावली तालुक्यातली ओली बाळंतीण म्हणते, ‘पुरत नाही.’ पहिल्या दोन शब्दांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्या शब्दाकडे साहित्यविचार वळलेलाच नाही. तो दवाखान्याचा विषय समजून आपण सोडून दिला. प्रस्तुत लेखात मी या तिसऱ्या शब्दाचे वाचन करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : पहिल्या दोन शब्दांनी मराठी मनात जी प्रतिमा घट्ट केली, तिच्यामुळे तिसरा शब्द उच्चारणे बाईला अवघड झाले, आणि ऐकणाऱ्यालाही तो नीट ऐकू येईनासा झाला. त्याची किंमत बाळ मोजते आणि आईही मोजते.

चार वाक्ये

सावली हा चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा तालुका. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी धानाच्या बांध्या, तलाव, बोली आणि दिवाळीनंतर सुरू होणारा झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दोन्ही तीरांवर एकच आहे. इथल्या बाळंतिणींची बोलणी मी बरीच वर्षे वहीत उतरवून घेत आले आहे. दुधाच्या शंकेची वाक्ये त्यात वारंवार येतात, आणि त्यांचे चार प्रकार पडतात. ‘दूध पुरत नाई जी.’ ‘लेकरू रातभर चिरचिर करते.’ ‘छाती रिकामीच लागते.’ ‘दूध पातळ हाये.’

ऐकणारा ही चारही वाक्ये एकाच अर्थाने घेतो : दूध कमी आहे. वाचणाऱ्याने मात्र ती वेगळी करायला हवीत. पहिले वाक्य हा निष्कर्ष आहे. दुसरे बाळाविषयीचे निरीक्षण आहे, तिसरे स्वतःच्या अंगाविषयीचे, चौथे दुधाच्या रंगरूपाविषयीचे. अंगावरचे दूध कोणी मापाने मोजलेले नसते. म्हणून ‘पुरत नाही’ हे ऐकायला मोजमाप वाटले तरी ते अनुमान असते, आणि ते उरलेल्या तीन निरीक्षणांवर उभे असते.

निरीक्षणे खरी असतात. बाळ खरेच रडते, छाती खरेच मऊ लागते. प्रश्न त्यांवरून काढलेल्या अनुमानाचा आहे. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. एका वेळी चमचा-दोन चमचे, आणि नवजात बाळाचे जठरही तेवढ्यालाच पुरेल असे. दूध भरून येते ते साधारण ४८ ते ७२ तासांनी. पहिलटकरणीला किंवा शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर थोडे उशिरा. म्हणजे दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी परतणाऱ्या बाईचे दूध बहुधा घरी, नातलगांच्या घोळक्यात, उतरायचे असते. ज्या रात्री दूध अजून आलेले नाही आणि बाळ रडते आहे, त्याच रात्री ‘पुरत नाही’चा जन्म होतो. पुढे महिना-दीड महिन्यात छातीचे सुरुवातीचे ठणके, ताण, गळणे कमी होते, कारण तोवर दूध बाळाच्या मागणीशी जुळलेले असते. छाती मऊ लागणे हे त्या जुळण्याचे लक्षण. बाईला मात्र ते आटल्यासारखे वाटते. संध्याकाळी बाळ दर अर्ध्या तासाने ओढते, हेही बाळाचे नेहमीचे वागणे आहे. आणि पाजण्याच्या सुरुवातीचे दूध निळसर, पातळ दिसते. शेवटचे दाट असते. एकाच बैठकीतली ही दोन रूपे आहेत.

पुरते की नाही हे सांगणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत, आणि त्या कुठल्याही घरात दिसतात. पाचव्या दिवसापासून पुढे चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होणे. सुरुवातीला थोडे घटलेले वजन दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत येणे. त्यानंतरच्या महिन्यांत महिन्याला किमान ५०० ग्रॅमची वाढ. गळ्यातून गिळल्याचा आवाज. या खुणांत रडण्याला जागा नाही, छातीच्या भरलेपणालाही नाही. आपली प्रतिमासृष्टी मात्र नेमकी याच दोन गोष्टींवर उभी आहे : बाळाचा टाहो आणि आईचा उचंबळलेला ऊर.

गोठ्यातला पान्हा, कवितेतला पान्हा

‘पान्हा’ हा शब्द मुळात गोठ्याचा. गाय पान्हवते, पान्हा सोडते, आणि क्वचित पान्हा चोरते. गुराखी आणि गवळी हे क्रियापद अचूक वापरतात. कासेत दूध असणे ही एक गोष्ट आणि ते खाली उतरणे ही दुसरी, हे त्यांना ठाऊक असते. धार काढणारा हात अनोळखी असला, कुत्रे भुंकले, वासरू दिसेनासे झाले, तर गाय पान्हा चोरते. तिला कोणी दोष देत नाही. वासरू आणून लावतात, पाठीवर हात फिरवतात, घाई थांबवतात.

शरीरशास्त्र हेच सांगते. दूध तयार होण्याचा कारभार प्रोलॅक्टिन या संप्रेरकाकडे आहे, ते खाली उतरण्याचा ऑक्सिटोसिनकडे. भीती, वेदना, लाज यांनी दुसरे अडते. पहिले लगेच थांबत नाही. काही गोठ्यांत म्हशींना चोरून टोचले जाणारे इंजेक्शन याच ऑक्सिटोसिनचे असते. ते दूध वाढवण्यासाठी नसते, उतरवण्यासाठी असते. म्हणजे ‘दूध आहे पण उतरत नाही’ ही स्थिती सांगणारा नेमका शब्द आपल्या भाषेत शेकडो वर्षे होता.

कवितेत येताना या शब्दाचे काय झाले? संतांनी गाय-वासरू, माय-लेकरू या जोड्या भक्तीसाठी घेतल्या आणि पान्हा हा करुणेचा समानार्थी झाला. देव भक्ताकडे पाहून पान्हावतो. रूपक म्हणून ते सुंदर आहे, आणि संतांचा त्यात काही दोष नाही. ते ईश्वराविषयी बोलत होते, आणि ईश्वराचा पान्हा आटत नसतो. घोटाळा पुढे झाला. रूपकाने उलटा प्रवास केला. देवाच्या करुणेला आईच्या दुधाची उपमा होती. आधुनिक काळातल्या भावगीतांनी, शाळेतल्या निबंधांनी, मातृदिनाच्या भाषणांनी आईच्या दुधालाच देवाच्या करुणेचे नियम लावले. ते अखंड, आपोआप, मायेच्या प्रमाणात वाहायला हवे असे ठरले. गोठ्यातले ‘पान्हा चोरणे’ गायीपुरते उरले. बाईच्या बाबतीत ते क्रियापद वापरलेच, तर आरोप म्हणून.

याच परंपरेत एक प्रतिमा मात्र पडून राहिली आहे, तिच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. कासवी पिलांना नुसत्या दृष्टीने वाढवते, ही कविसंकेतातली समजूत संतवाङ्मयात ठिकठिकाणी येते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती खरी नाही, पण प्रतिमा म्हणून मोलाची आहे. कासवीला पान्हा नसतो. तरीही ती आई आहे आणि पिलू वाढते आहे. माया आणि दूध या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे आपल्या परंपरेने मान्य केलेले होते. पुढच्या काळाने गाय उचलली आणि कासवी सोडून दिली.

‘पांग’ या शब्दाची गत आणखी वेगळी. पांग म्हणजे उणीव, ऋण. दुधाचे पांग फेडणे, आईचे दूध प्यायला असशील तर पुढे ये, दुधाची शपथ – हे संवाद झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आजही टाळ्या घेतात. नाटक मुलाचे असते. दूध ही त्याच्या मर्दुमकीची ठेव असते. ज्या बाईने ते दिले तिला ते देताना काय झाले, हा प्रश्न त्या नाटकात उद्भवत नाही. आणि प्रेक्षकांत मांडीवर लेकरू घेऊन बसलेली, आजच सकाळी पावडरचा डबा आणायला नवऱ्याला सांगून आलेली बाई तो संवाद कोणत्या कानांनी ऐकत असेल? आपला मुलगा मोठेपणी कशाची शपथ घेणार, हा प्रश्न तिच्यापुरता खरा आहे.

सुश्रुताचे दोन शब्द

हा घोटाळा केवळ अलीकडचा म्हणता येणार नाही. सुश्रुतसंहितेत दुधाविषयीचे दोन उल्लेख शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. निदानस्थानात म्हटले आहे की बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही दूध स्रवते, आणि त्या स्रवण्यामागे निरंतर स्नेह हे कारण असते. निरीक्षण म्हणून हे थक्क करणारे आहे. दूर बसलेल्या आईचे दूध बाळाच्या आठवणीने उतरते, हे आज ऑक्सिटोसिनच्या भाषेत सांगितले जाते. दुसरा उल्लेख शारीरस्थानातला. तिथे स्तन्यनाशाची कारणे देताना क्रोध आणि शोक यांच्या रांगेत तिसरा शब्द येतो : अवात्सल्य.

क्रोध आणि शोक बाईवर ओढवतात. अवात्सल्य हा तिच्यातला उणेपणा ठरतो. एका शब्दाने निदानाचा निवाडा झाला. पहिल्या विधानातले ‘स्नेहाने दूध उतरते’ हे निरीक्षण उलटे फिरवले की ‘दूध नाही म्हणजे स्नेह नाही’ असे वाक्य तयार होते. तर्काच्या दृष्टीने ते मुळीच निघत नाही. पाऊस पडला की अंगण भिजते, म्हणून अंगण कोरडे दिसले की ढगाने दावा साधला असे आपण म्हणत नाही. सासू-सुनेच्या बोलण्यात मात्र हे उलटे वाक्य अजून जिवंत आहे : ‘इचं मनच नाई लेकरात.’

पण सुश्रुतावर एवढेच बोलून थांबणे अन्यायाचे होईल, कारण त्यापुढचा उपाय वाचण्यासारखा आहे. दूध यावे यासाठी काय करावे हे सांगताना ग्रंथकार पहिली गोष्ट लिहितो ती सौमनस्य उत्पन्न करण्याची, म्हणजे बाईचे मन प्रसन्न करण्याची. अन्नाची यादी त्यानंतर येते. त्या यादीत जव, गहू, साळी आणि साठीचे तांदूळ, मांसरस, लसूण, मासे, शिंगाडा, कमळाचे देठ, शतावरी अशी नावे आहेत. धान, मासे आणि शिंगाडा. पूर्व विदर्भातला माजी मालगुजारी तलाव ज्याने पाहिला आहे, त्याला ही यादी ओळखीची वाटेल. धिवराच्या टोपलीत आणि शेजारच्या बांधीत जे मिळते तेच यात आहे. चरकसंहितेतल्या स्तन्यजनन गणातही दहा नावांत दोन तांदूळ आहेत आणि बाकी बहुतेक गवते; आज बाटल्यांवर मिरवणारी शतावरी त्या गणात नाहीच.

या पदार्थांनी दूध वाढते का? मेथी, शतावरी यांसारख्या पदार्थांविषयी झालेल्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेनने २०२० साली प्रसिद्ध केला आणि हाती आलेल्या पुराव्याचा भरवसा अगदी कमी असल्याचे म्हटले. तरी बाळंतिणीचे लाडू फेकून द्यावेत असे मी म्हणणार नाही. लाडवाने दूध वाढो न वाढो, तो खाणाऱ्या बाईचे पोट भरते, आणि कोणीतरी तिच्यासाठी चूल पेटवली हे तिला कळते. सुश्रुताच्या सौमनस्यात ते बसते. आक्षेप आहे तो क्रम उलटण्याला. यादी राहिली आणि सौमनस्य गळाले. काही घरांत तर पथ्याच्या नावाखाली यादीतले मासेही गेले आणि बाळंतिणीच्या ताटात भात आणि पाणीच उरले. अशा बाईचे दूध बहुधा तरीही टिकते. अन्नाची अगदी टोकाची आबाळ झाल्याशिवाय त्याचे प्रमाण फारसे घटत नाही. झीज होते ती तिच्या हाडामांसाची. ‘दूध येते आहे ना, मग झाले’ असे म्हणणारे घर हा हिशेब पाहत नाही.

हिरकणी आणि दरवाजा

मराठीत दुधासाठी झटणाऱ्या आईचे एकच सर्वमान्य चरित्र आहे, ते हिरकणीचे. रायगडावर दूध विकायला आलेली गवळण, बंद झालेला दरवाजा, घरी तान्हे बाळ, रात्रीचा कडा. ही दंतकथा आपण धैर्याची कथा म्हणून शिकतो, आणि ती तशी आहेच. पण कथेतली वस्तुस्थिती क्रमाने मांडून पाहू. ती कामकरी बाई आहे. दुसऱ्यांच्या घरांना दूध पुरवण्याच्या कामासाठी ती स्वतःच्या बाळापासून दूर आली आहे. तिच्यात आणि बाळात उभा आहे तो एक नियम : सूर्यास्तानंतर दरवाजा उघडायचा नाही. ती विनवते, पहारेकरी नियम सांगतो. ती कडा उतरते. सकाळी तिचा गौरव होतो आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला जातो, त्याला तिचे नाव दिले जाते.

म्हणजे गौरवाचे रूप काय? ती वाट बंद झाली. गडाच्या संरक्षणासाठी ते योग्यच. लष्करी दृष्टीने दुसरे काही करता येणार नव्हते. परंतु दरवाजाच्या नियमात तान्ह्या बाळाच्या आईसाठी बदल झाला, असे कथेच्या कुठल्याही आवृत्तीत माझ्या वाचनात आलेले नाही. पुढच्या गवळणीला उशीर झाला तर तिच्यासाठी कडाही उरला नाही. तीनशे वर्षे आपण या कथेतल्या आईच्या छातीकडे पाहत आलो, दरवाजाकडे कोणी पाहिले नाही. अपवाद एकच, आणि तो साहित्यातला नाही : एसटीच्या स्थानकांवरचे हिरकणी कक्ष. त्यातले किती उघडे, किती कुलूपबंद, किती अडगळीचे, हा भाग अलाहिदा. पण ज्याने हे नाव ठेवले त्याने दंतकथा बरोबर वाचली होती. बाईला कडा उतरावा लागू नये, अशी जागा करणे हे त्याने त्या कथेचे तात्पर्य काढले.

फलक आणि डबा

आरोग्यकेंद्राच्या भिंतीवरचा फलक हाही एक मराठी मजकूर आहे आणि त्याची समीक्षा व्हायला हवी. त्यावर बहुधा एकच वाक्य असते : आईचे दूध अमृत आहे, सर्वोत्तम आहे. खरे आहे. पण ‘पुरत नाही’ म्हणणाऱ्या बाईला या वाक्यातून काय मिळते? दूध चांगले की वाईट, ही तिची शंका नव्हतीच. ते चांगले आहे हे ती जाणते, म्हणूनच तर कमी पडण्याची भीती. अमृत म्हटल्यावर ती भीती वाढते, कारण अमृत थेंबांनीच असते.

दुसरा मजकूर डब्यावरचा. १९९२ च्या कायद्याने, जो २००३ मध्ये आणखी कडक झाला, बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात बंद केली, डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापायला मनाई केली, आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम असल्याची सूचना ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे केले. कायदा आवश्यक होता. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३९ साली सिंगापुरात डब्याच्या दुधाने होणाऱ्या बालमृत्यूंना उघड उघड खून म्हटले होते; १९७४ साली ब्रिटनमधल्या एका पुस्तिकेने त्यावर जगभर वादळ उठवले; १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची विक्रीविषयक आचारसंहिता आली. आपला कायदा त्या लढ्याचे फळ आहे. त्या लढ्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारे देशव्यापी जाळे १९९१ साली वर्ध्यात उभे राहिले, आणि त्याआधी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती.

तरीही मजकूर म्हणून पाहिले तर गंमत अशी की भिंतीवरचा फलक आणि दुकानातला डबा एकच वाक्य बोलतात. दोघेही म्हणतात, आईचे दूध उत्तम. फरक एवढाच की डबा पुढे न छापलेले आणखी एक वाक्य बोलतो : पण पुरत नसेल तर मी आहे. फलकाकडे हे पुढचे वाक्य नाही. शंकेला उत्तर देणारा मजकूर फक्त विक्रेत्याकडे आहे. २०२३ साली ‘लॅन्सेट’ने स्तनपानावर जी लेखमाला छापली, तिचा एक मुख्य निष्कर्ष हाच होता : रडणे, कमी झोपणे, कुरकुरणे अशा बाळाच्या नेहमीच्या वागण्याला आजार म्हणून रंगवून त्यावर डबा विकला जातो.

‘वरचे दूध’ हा आपला शब्दप्रयोगही तपासावा. वरचा खर्च, वरकड मिळकत, तसे वरचे दूध : मूळचे आहे तसे राहून त्यावर भर. शरीराचा हिशेब मात्र तसा चालत नाही. दूध रिकामे होईल तसे तयार होते. छाती भरून राहिली की तयार होणे मंदावते. वाटीभर वरचे दिले की बाळ तेवढे कमी ओढते आणि दुसऱ्या दिवशी तेवढे कमी येते. आठवड्याने ‘पुरत नाही’ खरे ठरते आणि बाई म्हणते, मी म्हणतच होते. मग मजुरीच्या पैशात डबा परवडत नाही म्हणून चार चमच्यांच्या जागी दोन घालून पाणी वाढवले जाते. पुढची हगवण आणि सुकलेले बाळ हे या वाक्याच्या चुकीच्या वाचनाचे शेवटचे पान.

आकड्यांतही हे वाचता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच. दवाखान्याने बाईला दारापर्यंत आणले. तो पहिला तास कोणाच्या कामात बसतो हे ठरले नाही. आणि चिकाचे काय करतो आपण? गायीच्या चिकाचा खरवस करून वेलदोडा घालून खातो. बाईचा चीक ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकणारी घरे अजून आहेत.

कानोसा घेणारे लिखाण

मग मराठीत ‘पुरत नाही’ ऐकणारे काहीच नाही का? आहे, पण ते ललित म्हणून मिरवले गेलेले नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मध्ये कोवळ्या वयातल्या पोरींची बाळंतपणे येतात, आणि तिथे बाळाच्या भुकेआधी बाळंतिणीच्या पोटाची भूक येते. ममतेच्या गौरवात जी गोष्ट झाकली जाते ती इथे उघडी पडते : पाजणाऱ्या बाईने स्वतः काय खाल्ले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मधल्या आईचे मोठेपण मी कमी लेखत नाही. ते संस्काराचे पुस्तक आहे आणि मुलाच्या डोळ्यांनी लिहिलेले आहे. पण आईला तिच्या स्वतःच्या भुकेसह पाहायचे तर आपल्याला बेबीताईंकडे यावे लागते.

दुसरे पुस्तक आमच्या नदीपलीकडचे. डॉ. राणी बंग यांचे ‘कानोसा’. शीर्षकातच पद्धत आहे. कानोसा घेणे म्हणजे आवाज पुरता नसताना कान लावणे. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. एवढ्या बायका गप्प होत्या, कारण विचारणारे कोणी नव्हते. ‘कानोसा’ हे त्या विचारण्याचे पुस्तक आहे. बाईचे वाक्य लगेच दुरुस्त न करता तिला पुढे बोलू देणे, हा त्याचा वाङ्मयीन गुणही आहे आणि वैद्यकीय गुणही.

हीच रीत ‘सर्च’च्या आरोग्यदूतांत दिसते. गावातलीच थोडी शिकलेली बाई, घरी जाऊन बाळ पाहणारी. ३९ गावांतला हा प्रयोग १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये आला. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्याचे श्रेय एकट्या स्तनपानाला देता येणार नाही; जंतुसंसर्गावरचा उपचार, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, ऊब, सगळे त्यात होते. पण पाजायला मदत हा त्याचा भाग होता आणि ती घरात, शंकेच्या वेळी मिळत होती. २०११ पासून देशभर आशाताई याच धर्तीवर घरभेटी देतात. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिसरा दिवस! दूध उतरायच्या आणि डबा यायच्या मधला नेमका दिवस. ही वेळापत्रिका ज्याने आखली त्याने ‘पुरत नाही’ हे वाक्य कधी जन्मते हे ओळखले होते.

त्या भेटीत चांगली आशाताई काय करते? फलकावरचे वाक्य म्हणत नाही. ‘कायले वाटते बाई तुले असं?’ असे विचारते. एकदा पाजताना पाहते. बाळाच्या तोंडात नुसती बोंडी आहे की भोवतालचा काळा भागही आहे, हे बघते. लंगोट किती ओले झाले ते विचारते, वजन करते. बाळ उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवते. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा आणि रात्रीही पाजायला सांगते, आणि हे सासूच्या समोर सांगते, कारण घरातली कामे कमी करणे सुनेच्या हातात नसते. हे सर्व वाचनच आहे.

याच वाचनाचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा. काही बायांना दूध खरेच कमी येते. बाळंतपणात फार रक्त गेले असेल, वार आत राहिली असेल, थायरॉइडचा विकार असेल, छातीवर शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दुधाच्या ग्रंथींची वाढच अपुरी असेल, तर कितीही माया आणि कितीही लाडू असले तरी पुरत नाही. अशा वेळी बाळ मलूल होते, लघवी कमी होते, वजन चढत नाही. तिथे ‘सगळ्यांना येते, तुलाही येईल’ हे सांगणे क्रूर आहे आणि बाळाच्या जिवावरचे आहे. बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे आणि सांगितले तर वाटी-चमच्याने दूध पाजायचे. ते औषध आहे. त्यात कोणाचा पराभव नाही. अमृताच्या घोषणेची सर्वांत मोठी उणीव मला हीच दिसते. तिच्यात या बाईला उभे राहायला जागा नाही. कासवीची प्रतिमा आज कुणासाठी हवी असेल तर ती हिच्यासाठी.

रोवण्याचा आठवडा

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह असतो. त्या दिवसांत सावली तालुक्यातल्या बायका कुठे असतात? बांधीत, गुडघाभर चिखलात, रोवण्याला. बाळ घरी म्हातारीजवळ. सकाळी निघालेली बाई दुपारपर्यंत परतत नाही. छाती ठणकते, पदर भिजतो, आणि पंधरा दिवसांनी दूध ओसरते. ती म्हणते, आटले. आटवले कोणी? २०१७ च्या दुरुस्तीने पगारी बाईला २६ आठवड्यांची रजा दिली. रोवण्याच्या मजुरीला रजा नसते. सप्ताहाची भाषणे तालुक्याच्या सभागृहात होतात आणि ज्यांच्यासाठी ती आहेत त्या मैलभर अंतरावर रोपांच्या पेंढ्या सोडत असतात. हा हिरकणीचाच दरवाजा आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. धुऱ्यावर झाडाखाली पाळणा आणि त्याच्याजवळ एक म्हातारी, हे पूर्वी होते आणि काही गावांत अजून आहे. निघण्यापूर्वी हाताने दूध काढून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, गार जागी, काही तासांसाठी ठेवता येते आणि वाटी-चमच्याने पाजता येते. दुपारी एकदा घरी सोडणारा शेतमालक काही फार मोठा त्याग करत नाही. पण हे घडायला ‘पुरत नाही’ या वाक्यातला कर्ता बदलावा लागतो. दूध पुरत नाही, असे म्हटले की दोष अंगावर येतो. वेळ पुरत नाही, अन्न पुरत नाही, झोप पुरत नाही, माणसे पुरत नाहीत, असे म्हटले की तेच वाक्य घराकडे, मालकाकडे, तालुक्याकडे वळते. बहुतेक वेळा खरा अर्थ हा दुसराच असतो.

आईविषयीच्या मराठी लिखाणाचे मोल ठरवताना मी आता एक साधी कसोटी लावते. हे वाचून उठलेला माणूस, शेजारच्या घरातून ‘दूध पुरत नाई’ असे ऐकू आले, तर काय करील? डोळे पुसून आईचे स्तोत्र म्हणेल, डबा आणायला धावेल, की आत जाऊन ‘कधीपासून? जेवलीस का? बाळाने आज किती लंगोट ओले केले?’ असे विचारील? आपल्या बहुतेक गौरवलेल्या पानांना या कसोटीवर पहिलेच उत्तर मिळते. तिसरे उत्तर देणारी पाने थोडी आहेत, आणि त्यांपैकी काही वैनगंगेच्या या आमच्या टापूत, कवितेच्या बाहेर, घरभेटीच्या नोंदवह्यांत लिहिली गेली. साहित्याच्या इतिहासात त्यांची नोंद व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.